अठ्ठ्याण्णवची प्रत

मुकुंदरावांचं पान त्यांच्या स्वतःच्या यंत्रावर छान दिसत होतं आणि तिथून पंधरा पावलांवर, निहारच्या यंत्रावर, अजिबात दिसत नव्हतं. फ्लॉपी तीच, फाइल तीच, तिच्यातलं अक्षरन् अक्षर तेच. इकडे मथळा, लेखकांची नावं, कोष्टक, तळटीपा, सगळं जागच्या जागी. तिकडे पांढराफटक पडदा. सकाळपासून ही पंधरा पावलं ते सात वेळा चालून आले होते, आणि आता त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायला फारसं अंतर उरलं नव्हतं.

"पुन्हा चालवून बघ," ते म्हणाले.

"काका, कितीही वेळा चालवलं तरी तेच येणार. तुमचं स्टाइलशीट जुन्या व्हर्जनचं आहे."

"जुनं? काल संध्याकाळी लिहिलंय मी."

निहारने डोळे मिटून घेतले. पोरगा पुण्याचा, चोवीस वर्षांचा, हुशार प्रोग्रामर. ऑक्टोबरात इथे आला होता आणि एव्हाना त्याची खात्री झाली होती की बेंगळुरूत त्याला मराठी बोलायला मिळालेला हा एकमेव ज्येष्ठ माणूस त्याच्या आयुष्याची पाच वर्षं कमी करणार.

"लिहिलंय काल, पण भाषा जुनी वापरलीय," तो म्हणाला. "पहिल्या ओळीत जो पत्ता आहे ना, तो ड्राफ्टचा आहे. स्टँडर्ड आता फायनल झालंय. महिना झाला."

"माझ्या ब्राउझरला कसं कळतं मग?"

"कारण तुमचा ब्राउझरही जुनाच आहे!"

"मार्चमध्ये बसवलाय," मुकुंदराव म्हणाले. "या मार्चमध्ये."

एकोणीसशे नव्व्याण्णव सालचा डिसेंबर चालू होता आणि मार्चमध्ये बसवलेली वस्तू जुनी कशी होते, हे सांगणारा माणूस त्यांना अजून भेटायचा होता. ते फ्लॉपी काढून घेऊन चालू लागले.

यशवंतपूरच्या औद्योगिक वसाहतीतला हा छापखाना आप्पाजींनी काढलेला. मुकुंदराव एकोणिसाव्या वर्षी इथे कंपोझिटर म्हणून लागले, खिळे जुळवायला. जन्म चिकपेटेतला, घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि छापखान्यात शिशाची इंग्रजी अक्षरं. इंग्रजी त्यांना धड बोलता येत नसे, पण उलटं धरलेलं इंग्रजी ते निहारपेक्षा लवकर वाचत. पुढे फोरमन झाले. खिळे गेले, संगणक आले. चाळिशीत माउस धरायला शिकले आणि पानं लावण्याच्या विभागाचे प्रमुख झाले. परदेशी वैद्यकीय नियतकालिकांची पानं इथे लागत आणि तारेवरून परत जात. आप्पाजी वारले, त्यांचा मुलगा सुनीलकुमार मालक झाला, तरी मुकुंदराव आपल्या खुर्चीवर होते.

आता खुर्चीच हलायला लागली होती. लंडनच्या प्रकाशकानं कळवलं होतं की जानेवारीपासून हातानं लावलेली पानं नकोत. मजकूर एका फाइलीत द्यायचा, आणि तो दिसायचा कसा, ते दुसऱ्या फाइलीत, एक्सएसएल नावाच्या भाषेत लिहून. मथळा आला की असा मांड, तळटीप आली की खाली ने, असे हुकूम त्या दुसऱ्या फाइलीत. दोन्हींची सांगड प्रकाशकाचा प्रोग्राम घालणार. तो प्रोग्राम निहारच्या यंत्रावर होता, फक्त तिथेच. सुनीलकुमारनं नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला सगळ्यांना उभं करून सांगितलं: पानं लावणारे तुम्ही पाच जण, नव्या विभागात जागा दोन. सतरा डिसेंबरला, शुक्रवारी, परीक्षा. प्रकाशकाच्या प्रोग्रामवर ज्याचं पान उतरेल तो राहील.

उरलेल्यांचं काय, ते त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. चौघं मान खाली घालून उभे होते. मुकुंदराव मात्र मनातून निर्धास्त होते, कारण ही भाषा त्यांना पाठ होती.

अगदी पाठ. फेब्रुवारीत सुनीलकुमारनं कुणाकडून तरी इंटरनेटवरून त्या भाषेच्या नियमांचा, म्हणजे स्पेकचा, गठ्ठा छापून आणला होता, दीडशेच्या वर पानं, आणि त्यांच्यासमोर ठेवून म्हणाला होता, "अण्णा, पुढे हेच येणार आहे. स्वल्प बघून ठेवा." मुकुंदरावांनी स्वल्प बघितलं नाही, सगळं बघितलं. आधी छापखान्याच्या रिवाजानं त्यांनी वरची चार पानं बाजूला काढली. पुस्तकाची सुरुवातीची पानं, म्हणजे नाव, आवृत्ती, निवेदन वगैरे, कंपोझिटर कधी आधी घेत नाही. ती सगळ्यात शेवटी जुळवायची असतात, बऱ्याचदा पुस्तक छापून होत आलं की. एकतीस वर्षं त्यांनी मजकुरालाच आधी हात घातला होता. टेबल नवं मिळालं होतं, त्याच्या खणात कागद घालायचा होता. पूर्वी खिळ्यांच्या खणांत घालत तसा. त्या चार पानांची कोरी बाजू वर करून त्यांनी ती खणात अंथरली आणि मजकूर घेऊन बसले.

सहा महिने लागले. एका लांबट वहीत, डाव्या बाजूला दोन बोटं समास सोडून, त्यांनी तो सारा गठ्ठा आपल्या सुंदर अक्षरात उतरवून काढला, एक खूणही न बदलता. कॉपीप्रमाणे, म्हणजे हातात आलेल्या मजकुराप्रमाणे, जुळवायचं, आपली अक्कल घालायची नाही, हा त्यांचा धर्म होता. उतरवताना अक्षरं बोटांत बसली. दसऱ्याला आयुधपूजेत सगळ्यांनी संगणकाला हळदकुंकू लावलं तेव्हा त्यांनी वहीही पुढे ठेवली. पन्नाशीच्या माणसानं नवी भाषा शिकली होती आणि ती पडद्यावर चालत होती. शारदाबाईंना, म्हणजे बायकोला, एका रविवारी मुद्दाम ऑफिसात आणून त्यांनी ते पान दाखवलं होतं. "छान दिसतंय हो," बाई म्हणाल्या होत्या, आणि तो आठवडा मुकुंदराव हवेत होते.

वही त्यांनी एकदाच कुणाला दिली, शिल्पाश्रीला. ती त्यांच्या हाताखाली प्रूफं वाचायला शिकली, मग पानं लावायला. के. आर. पुरमहून दोन बस बदलून यायची, घरी आजारी वडील, कमावती ती एकटी. दोन जागांपैकी एक आपली आणि दुसरी तिची, असं मुकुंदरावांनी मनात पक्कं ठरवून टाकलं होतं. घोषणा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी वही तिच्या हातात दिली. नऊ दिवसांनी तिनं ती परत दिली, त्यांनी ती खणात टाकली आणि पुन्हा उघडली नाही. ज्याला पाठ आहे त्याला वही कशाला हवी?

मंगळवारी दुपारी निहार स्वतः पंधरा पावलं चालून आला. आपण समजूतदारपणे घ्यायचं, असं ठरवून आला होता.

"काका, ऐका. तुमच्या ब्राउझरवाल्यांनी भाषा कच्ची असतानाच उचलली. नंतर ती बदलली आणि मग पक्की झाली. लंडनचा प्रोग्राम फक्त पक्की ओळखतो. तुम्ही पहिल्या ओळीतला पत्ता बदला, हा घाला." त्यानं चिठ्ठी ठेवली.

मुकुंदरावांनी चिठ्ठीतला पत्ता बारकाईनं, एक टिंबही न चुकवता घातला आणि पान उघडलं. पांढराफटक पडदा. त्यांच्या स्वतःच्या यंत्रावर! आतापर्यंत चालणारं पान या पोराच्या एका चिठ्ठीनं नाहीसं झालं. ते फ्लॉपी घेऊन निहारकडे गेले. तिथेही काही नाही.

"अहो, नुसता पत्ता बदलून कसं चालेल? आतले हुकूमही वेगळे झालेत," निहार म्हणाला.

"मग आधी का नाही बोललास?"

"काका, स्पेक वाचा ना!"

"वाचलंय! पाठ आहे मला! तुला आहे?"

आवाज एवढा चढला की पलीकडच्या खोलीत दोन हजार साल उजाडल्यावर कुठली यंत्रं बंद पडणार याची यादी करणारी माणसंही मान वर करून बघू लागली. निहारला पाठ नव्हतं. आजच्या पोरांना काहीच पाठ नसतं, ते बघून लिहितात, आणि हे त्या क्षणी मुकुंदरावांना मोठं समाधान देऊन गेलं. परत येऊन त्यांनी जुना पत्ता घातला. पान पुन्हा दिसू लागलं. झालं, सिद्ध झालं. आपलं घातलं की दिसतं, त्याचं घातलं की जातं. मग चूक कुणाची?

समोरच्या टेबलावरून शिल्पाश्री हे सगळं बघत होती.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "स्वल्प ती वही बघा की."

"माझी वही मलाच दाखवतेस?"

"तसं नाही अण्णा. एकदा उघडून—"

"शिल्पा, तू तुझं पान बघ."

"सरी अण्णा," ठीक आहे अशा अर्थी ती कन्नडात म्हणाली आणि पडद्याकडे वळली.

बुधवारी तिनं परत तेच काढलं, आणि गुरुवारी डबा खाताना तिसऱ्यांदा. तेव्हा मात्र मुकुंदराव खेकसले. इथे आपली नोकरी पणाला लागली आहे आणि ही पोरगी शाळेतल्यासारखी वही वही करते आहे. शिल्पाश्रीनं डब्याचं झाकण लावलं आणि पाणी आणायला निघून गेली. मुकुंदरावांना लगेच वाईट वाटलं, पण ते बोलून दाखवायची रीत त्यांना कधी जमली नव्हती.

त्या संध्याकाळी घरीही त्यांचं धड नव्हतं. भात कमी शिजला म्हणून कुरकुरले, मग जास्त वाढला म्हणून. शारदाबाईंनी थोडा वेळ चालू दिलं आणि मग विचारलं, "त्या पुण्याच्या पोराला सरळ विचारत का नाही, समजावून सांग म्हणून?"

"त्याला काय विचारायचं? त्याला पाठ नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. मुकुंदरावांनी आणखी भात मागून घेतला.

शुक्रवारी अकरा वाजता सुनीलकुमार निहारच्या टेबलामागे खुर्ची घेऊन बसला. पाच जणांच्या पाच फ्लॉप्या. पहिल्या तिघांची पानं आली नाहीत, आणि ते कुणाला अनपेक्षित नव्हतं. त्यांनी त्या भाषेपुढे केव्हाच हात टेकले होते. चौथी मुकुंदरावांची. आज तरी उतरेल, अशी एक वेडी आशा त्यांना शेवटपर्यंत होती. रात्रीतून प्रोग्राम सुधारला असेल, लंडनमध्ये कुणाला तरी आपली चूक कळली असेल. निहारनं बटण दाबलं. पडदा पांढरा झाला आणि पांढराच राहिला.

"माझ्या यंत्रावर येऊन बघा," मुकुंदराव सुनीलकुमारला म्हणाले. "तिथे दिसतं. या, पंधरा पावलं आहेत."

"अण्णा, लंडनवाले तुमच्या यंत्रापाशी येणार नाहीत." सुनीलकुमार रागावला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. हा मुलगा चड्डीत छापखान्यात यायचा तेव्हा मुकुंदराव त्याला त्याच्या नावाचे खिळे जुळवून देत.

पाचवी फ्लॉपी शिल्पाश्रीची. बटण दाबलं आणि मथळा आला. मग नावं, मग कोष्टक, रेघ न् रेघ जागेवर, आणि खाली तळटीपा, एक ते चौदा. सुनीलकुमार खुर्चीतून अर्धा उठला. "आयतु! झालं!" तो म्हणाला. निहारनं टाळी वाजवली.

मुकुंदराव पडद्याकडे बघत राहिले. ही भाषा तिला शिकवली कुणी? त्यांनी. कशावरून? त्यांच्या वहीवरून. मग हिचं उतरतं आणि आपलं उतरत नाही, हे कसं? त्यांनी वाकून तिच्या फाइलीची पहिली ओळ वाचली. तिथे चिठ्ठीतला पत्ता होता. खालचे हुकूमही निराळे होते, त्यांच्या वहीत नसलेले.

शिल्पाश्री आपल्या टेबलाशी आली तेव्हा ते तिच्या मागोमाग आले.

"तू बदललंस," ते म्हणाले. "माझ्या वहीतलं तू बदललंस आणि मला सांगितलं नाहीस. पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं तुला? कॉपीत चूक दिसली तर काय करायचं?"

शिल्पाश्रीचे डोळे भरून आले होते, पण उत्तर तिनं पाढ्यासारखं दिलं. "परस्पर हात लावायचा नाही. समासात खूण करायची आणि विचारायचं."

"मग? विचारलंस?"

"विचारलं होतं, अण्णा," ती म्हणाली आणि तोंड धुवायला गेली.

मुकुंदराव खुर्चीत बसले. मग त्यांनी खण ओढला आणि वही काढली.

पहिल्याच पानावर, दोन बोटं सोडलेल्या त्या समासात, पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह होतं. त्याला गोल, आणि गोलातून निघालेली रेघ पहिल्या ओळीतल्या पत्त्याशी नेलेली. मुद्रितशोधकाची खूण, त्यांनीच शिकवलेली, त्यांच्याच वळणाची. शेजारी लिहिलं होतं: "नव्या प्रतीत वेगळं आहे. कोणतं धरायचं? २४ नोव्हें." पुढच्या पानावर दुसरी खूण, नवव्या पानावर तिसरी. पोरीनं निहारकडून नवी प्रत घेऊन ती या वहीशी ओळीला ओळ लावून वाचली होती, जशी प्रूफं वाचतात तशी. अकरा खुणा, आणि त्याच अकरा जागांमुळे पुढे निहारच्या यंत्रावर पांढरा पडदा आलेला. शेवटच्या पानावर खूण नव्हती. नुसतंच लिहिलं होतं: "अण्णा, सतरा तारखेच्या आत एकदा बघाल का?"

अठरा दिवस ही वही या खणात होती. तीन वेळा ती म्हणाली होती, बघा. तिनं सगळ्यांसमोर तुमचं चुकलं असं म्हटलं नाही, फोरमनच्या मानाला धक्का लावला नाही. छापखान्यात जसं विचारायचं असतं तसं विचारलं. आणि फोरमनला पाठ होतं.

मग त्यांची नजर रिकाम्या खणाकडे गेली. पेन्सिलीचा भुसा, शाईचा डाग, आणि खाली ते कागद. त्यांनी कागद ओढून काढले आणि उलटे केले. वरचा होता सुरुवातीच्या पानांतला पहिला. नाव, त्याखाली तारीख, डिसेंबर एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, आणि त्याखाली एक छोटं निवेदन. इंग्रजी त्यांना धड बोलता येत नसलं तरी एवढं वाचता येत होतं. हा कच्चा मसुदा आहे. केव्हाही बदलेल, रद्द होईल, त्याची जागा दुसरा घेईल. याला पक्कं समजू नये.

त्यांनी ते दोनदा वाचलं. कुणी काही लपवलं नव्हतं. फेब्रुवारीपासून रोज सकाळी ते हा खण उघडत होते, डबा आत ठेवत होते आणि संध्याकाळी बंद करत होते. पहिल्या ओळीतल्या त्या पत्त्यातही डब्ल्यू-डी अशी, वर्किंग ड्राफ्टची म्हणजे मसुद्याची, दोन अक्षरं होती, आणि ती त्यांनी शेकडो वेळा बोटांनी जुळवली होती. अक्षरं त्यांनी सगळी पाहिली होती. वाचलं नव्हतं. आता त्यांना निहारचा राग येईना, लंडनचा येईना, ब्राउझरचाही येईना, आणि राग काढायला दुसरं कुणी उरलं नाही म्हणून ते आतल्या आत चरफडत बसले.

चार वाजता सुनीलकुमारनं बोलावून सांगितलं. एक जागा शिल्पाश्रीची. दुसरीसाठी बाहेरून माणूस येईल. "अण्णा, तुम्ही मार्चपर्यंत प्रूफं बघा. पुढे बघू." पुढे बघू म्हणजे काय, ते मुकुंदरावांना कळत होतं. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "पोरीचं पान चांगलं उतरलं."

मग टेबलाशी येऊन त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि वही पहिल्या पानावर उघडली. प्रत्येक खुणेसमोर, फोरमन उत्तर देतो तसं, एकच लिहिलं: "नवी प्रत धरावी." अकरा वेळा. शेवटच्या पानावर ते अडले. त्या प्रश्नाला उत्तर द्यायची मुदत सकाळी अकरा वाजता संपली होती. थोड्या वेळानं त्यांनी तिथेही लिहिलं, "आज बघितलं," आणि खाली सही करून तारीख घातली, सतरा डिसेंबर.

शिल्पाश्री पिशवी खांद्याला लावून बसच्या घाईत निघाली होती. त्यांनी तिला हाक मारली आणि वही पुढे केली. तिनं उभ्यानंच पानं उलटली. शेवटच्या पानापाशी ती थांबली.

"तू बरोबर विचारलंस," मुकुंदराव म्हणाले. हे सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते म्हणाले, निहारकडे बघत. "मी बघितलं नाही. चूक माझी."

"अण्णा, असं नका—"

"सोमवारी लवकर येशील? ऑफिस भरायच्या आधी?"

"कशाला अण्णा?"

"शिकायचंय." ते पुन्हा चिडल्यासारखे झाले; तेवढंच त्यांना जमत होतं. "जागा गेली म्हणून काय झालं? येताना त्या निहारकडून घेतलेली नवी प्रत आण. आणि हे बघ, वरची पानं काढू नकोस. पहिल्या पानासकट आण."

"सरी अण्णा," शिल्पाश्री म्हणाली.